मुंबईची खाणावळ आणि नागरिकांचे कर्तव्य

मुंबईत रोज लाखो माणसे कामाधंद्यानिमित्त येतात आणि त्या सर्वांस दोन प्रहरी एकदमच भूक लागते. ही गोष्ट इतकी उघड आहे की, तिच्यावर अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण काय, असे कोणी आम्हांस विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, जी गोष्ट रोजची असते तिच्याविषयीच विचार कमी होतो, आणि ज्या व्यवहारात विचार कमी होतो त्यात फसवणूक फार होते. परळच्या टाटा रुग्णालयात आपल्या माणसास घेऊन आलेला लातूरचा गृहस्थ, मुळजी जेठा मार्केटात मालाच्या खरेदीस आलेला नगरचा कापडदुकानदार, उच्च न्यायालयात तारखेस हजर झालेला परगावचा पक्षकार आणि परीक्षेसाठी उतरलेला विद्यार्थी, हे चौघेही गाडीभाड्याची, औषधाची, वकिलाच्या फीची व मुक्कामाची तरतूद करून घरून निघतात. जेवणाची तरतूद मात्र कोणी करीत नाही. कारण 'मुंबईत खाण्याला काय तोटा?' असा प्रत्येकाचा समज. खाण्याला तोटा खरोखरच नाही. तोटा आहे तो स्वच्छ, पोटभर आणि खिशास झेपेल अशा जेवणाचा, आणि ते कोठे मिळेल हे खात्रीने सांगणाऱ्या माणसाचा. 'आधी पोटोबा, मग विठोबा' असे म्हणणारा आमचा समाज पोटोबाच्या ह्या देवळांची व्यवस्था मात्र कधी तपासून पाहत नाही, हे नवल होय.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. खाणावळ ही केवळ चैनीची जागा नसून पाणपोई, दवाखाना व वाचनालय ह्यांच्या पंक्तीस बसणारी नागरी संस्था आहे. तिची परीक्षा जिभेने करावीच; परंतु केवळ जिभेने करू नये. भाव आधी कळतो काय, अन्न निर्मळ आहे काय, आणि तेथील बाक सर्वांस सारखे मोकळे आहे काय, ह्या तीन कसोट्या प्रत्येकाने लावाव्यात. ज्या दुकानास ह्या तिन्ही लागू पडतात ते चांगले, मग त्याच्या भिंतींचा रंग उडालेला का असेना. ह्या तिन्ही कसोट्यांच्या पाठीशी आज देशाचा कायदा उभा आहे. उणीव कायद्याची नाही. कायद्याने दिलेले मागून घेणाऱ्या गिऱ्हाइकाची आहे.

प्रथम हे शहर आजवर स्वस्तात जेवले कसे, ते पाहू. गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेला कामकरी बहुधा एकटा राहत असे. बायकामुले गावी, आणि तो चाळीच्या खोलीत आपल्या गाववाल्यांबरोबर. त्याच्या जेवणाची सोय शेजारच्याच खोलीत चूल पेटविणारी एखादी बाई करी, आणि महिन्याच्या पगारावर तिचा हिशोब चुकता होई. ह्या खाणावळवाल्या बायांस धान्य उधारीवर आणावे लागे व सावकाराचे व्याज त्यांच्या मिळकतीचा मोठा घास घेई. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून ह्या बायांस राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्यांना कोणी पत देत नव्हते त्यांच्या परतफेडीवर बँकेने विश्वास ठेवला, हे आमच्या व्यापारी वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरण्यांबरोबर त्या चुलीही एकामागून एक विझत गेल्या. गिरण्यांच्या जागी आज मनोरे व मॉल उभे आहेत. तेथील पहारेकरी, सफाई करणारी बाई व दुकानातला पोऱ्या त्या मॉलमधील उपाहारगृहात जेवू शकत नाहीत. ते बाहेर पदपथावर जेवतात.

दुसरी सोय इराण्यांनी केली. धोबीतलावचे कयानी हे दुकान १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटीतील ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी मेज, काळ्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि चहा; आणि एक कप चहावर अर्धा तास बसू देण्याची उदारता. तिसरी सोय उडुपीकरांनी केली. माटुंगा स्थानकाजवळ ए. रामा नायक ह्यांनी १९४२ साली काढलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आजही केळीच्या पानावर जेवण वाढते. चौथी सोय आमच्याच लोकांची: गिरगाव व दादर येथील उपाहारगृहे. दादरचे मामा काणे ह्यांचे १९१० पासूनचे गृह तर 'स्वच्छ' हा शब्द नावातच घेऊन उभे राहिले. पाचवी सोय रस्त्यावरची. दादर स्थानकाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य ह्यांनी वडा पावात घालून विकावयास आरंभ केला असे सांगतात. तेव्हापासून ह्या शहराचा कारकून व हमाल एकाच गाडीसमोर उभे राहून खाऊ लागले.

ह्या पाचही सोयींत एक गोष्ट समान दिसते. त्या दुकानांचे पदार्थ थोडे होते. थोडे पदार्थ असले म्हणजे माल रोज संपतो, शिळे उरत नाही, आचाऱ्याचा हात बसतो आणि नासाडीचा भार गिऱ्हाइकावर पडत नाही. ज्या दुकानाची यादी बारा पानांची असते, तेथे पंजाबी, चिनी, इटालियन व जैन असे सर्व एकाच मुदपाकखान्यातून निघते. म्हणजेच अर्धे सामान शीतपेटीत पडून असते. सबब नवख्या माणसास आमचा पहिला सल्ला असा की, यादी जेथे आखूड तेथे बसावे. दुसरा सल्ला: दुपारी साडेबारा ते दीड ह्या वेळात आसपासच्या पेढीतले गुमास्ते, टॅक्सीवाले व शिपाई कोठे जातात ते पाहावे. रोज तेथेच येणारा माणूस एकदाच फसतो, दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून त्याची गर्दी ही खरी साक्ष होय. तिसरा सल्ला: स्थानकाच्या अगदी तोंडावरचे दुकान टाळून दोन गल्ल्या आत जावे. तोंडावरचा दुकानदार मुख्यतः परत न येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगतो व भाडेही मोठे भरतो. ह्यास अपवाद आहेत, ते पिढ्यान्‌पिढ्या नाव राखून असलेल्या दुकानांचे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचे पंचम पुरीवाला हे त्यांपैकी एक.

ठिकाणे सांगावयाची तर माटुंग्यास इडली-डोसा व दाक्षिणात्य भोजन, दादर-गिरगावास थालीपीठ, मिसळ व साधे ताट, लालबाग-परळ बाजूस मालवणी खाणावळी, भेंडीबाजारात नूर मोहम्मदीसारख्या दुकानांतील नल्ली-निहारी, हे मार्ग जुने व चोखाळलेले आहेत. शहराबाहेर ठाण्यास मामलेदार कचेरीजवळची मिसळ सर्वांस ठाऊक आहेच. परंतु ठाणे, डोंबिवली, कल्याण व वसई-विरार ह्या पट्ट्यात ज्या संस्थेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ती म्हणजे पोळी-भाजी केंद्र. तेथे बसावयास जागा नसते, पाटी साधी असते, आत चार-सहा बाया पोळ्या लाटीत असतात, आणि संध्याकाळच्या लोकलने उतरलेली नोकरदार स्त्री पोळ्या मोजून घेऊन घरी जाते. गिरणगावातील खाणावळवालीची ही नवी पिढी होय. हिला उपाहारगृहाचा मान कोणी देत नाही. आमच्या मते तो दिला पाहिजे.

हल्ली पुष्कळ लोक रस्त्यावर चौकशी करण्याऐवजी हातातील फोनवरच्या तारका मोजतात. ही सोय आम्ही नाकारीत नाही. तथापि तारका विकतही मिळतात, हे सरकारासही मान्य करावे लागले आहे. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोने २०२२ च्या नोव्हेंबरात इंटरनेटवरील अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक नियमाचे बळ किती असते हे वाचकांस सांगावयास नको. शिवाय घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या कंपन्या दुकानदाराकडून दलाली घेतात, आणि ती दलाली पुष्कळदा त्याच पदार्थाच्या वाढीव किमतीच्या रूपाने आपल्याच खिशातून जाते. तेच ताट दुकानात बसून किती रुपयांस मिळते हे एकदा पडताळून पाहावे, म्हणजे आळसाचा भाव कळेल.

आता पहिल्या कसोटीकडे, म्हणजे भावाकडे वळू. येथे आमचाच एक अनुभव सांगतो. काही दिवसांपूर्वी न्यायालयाच्या कामानिमित्त आम्ही एका स्नेह्यासह फोर्टातील एका उपाहारगृहात गेलो. पत्रकावरील दराप्रमाणे जेवण सहाशे रुपयांचे झाले. पावती आली ती सहाशे त्र्याण्णवांची. सहाशेंवर दहा टक्के सेवाशुल्क, म्हणजे साठ. आणि त्या सहाशे साठांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे तेहेतीस. सेवाशुल्क कोणत्या आधारे, असे विचारता वाढप्याने मालकाकडे व मालकाने भिंतीवरील एका बारीक अक्षरांच्या कागदाकडे बोट दाखविले. आम्ही कायद्याचे नाव काढताच ते शुल्क काढून टाकण्यात आले आणि सहाशे तीस रुपये देऊन आम्ही बाहेर पडलो. त्रेसष्ट रुपये वाचले ह्याचा आम्हांस आनंद नाही. शेजारच्या मेजावर वृद्ध आईस घेऊन बसलेल्या तरुणाने तसलीच पावती मुकाट्याने चुकती केली, ह्याचे वाईट वाटले. कायद्याचा फायदा केवळ कायदा शिकलेल्यास मिळावा, ही व्यवस्था न्यायाची नव्हे.

म्हणून ह्या बाबतीत कायदा काय आहे ते स्पष्ट सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक नियम काढून उपाहारगृहांनी सेवाशुल्क आपोआप पावतीत धरू नये, दुसऱ्या नावाने वसूल करू नये, आणि ते न देणाऱ्यास प्रवेश नाकारू नये, असे ठरविले. उपाहारगृहांच्या संघटनांनी त्यास आव्हान दिले. परंतु मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे नियम उचलून धरले. वाढप्यास खुशीने चार पैसे द्यावेत, आम्हीही देतो. परंतु खुशी ही सक्तीने वसूल करावयाची वस्तू नाही. दुसरी गोष्ट कराची. १५ नोव्हेंबर २०१७ पासून सामान्य उपाहारगृहांवरील कर पाच टक्के आहे, मग तेथे वातानुकूलन असो वा नसो. आणि ज्या लहान दुकानदाराने कंपोझिशन योजना पत्करली आहे, म्हणजे ज्याची वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांच्या आत असून जो ठोक कर स्वतः भरतो, त्यास गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेण्याचा अधिकारच नाही. तसे त्याने पावतीवर लिहिले पाहिजे. तिसरी गोष्ट पावतीची. मागूनही पावती न देणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार आहे. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. चौथी गोष्ट गिऱ्हाइकास अप्रिय वाटेल, परंतु तीही सांगणे आमचे कर्तव्य आहे: बाटलीबंद पाण्यास उपाहारगृह छापील किमतीहून अधिक आकारू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे. म्हणून साधे पाणी आधीच मागावे. ते विचारताच ज्या वाढप्याचे तोंड वाकडे होते, त्या दुकानातून उठण्यास ती खूण पुरेशी आहे.

भावाच्या बाबतीत दुकानदाराचीही बाजू आहे, व ती न ऐकता निकाल देणे आम्हांस शोभणार नाही. घरगुती गॅसचा दर त्यास लागू नाही. त्यास एकोणीस किलोंचे व्यापारी सिलिंडर घ्यावे लागते. भाडे हा तर सर्वांत मोठा आचारी: तोच ताटाची किंमत शिजवितो. जुन्या इराण्यांची व गिरगावच्या खाणावळींची स्वस्ताई पुष्कळ अंशी जुन्या पागडीच्या भाड्यावर उभी होती. इमारत पाडून नवी बांधली की नव्या भाड्यात ती खाणावळ परत येऊ शकत नाही, तेथे औषधांचे किंवा मोबाइलचे दुकान येते. पावाचीही अडचण आहे. लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. शहराच्या हवेच्या दृष्टीने तो आदेश योग्यच होता. परंतु भट्टी बदलण्याचा खर्च लहान बेकरीवाल्याने कोठून आणावा, ह्याचा विचार आदेशाबरोबर सरकारने केला असता तर अधिक बरे झाले असते. कारण पाव हे गरिबांचे अन्न आहे, आणि त्याची किंमत एक रुपयाने वाढली तरी ती वडापावच्या गाडीवर लगेच दिसते. उलटपक्षी २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप, लोणी व चीज ह्यांवरील कर बारा टक्क्यांवरून पाचावर उतरला. तो उतार आपल्या ताटापर्यंत पोहोचला काय, हे वाचकांनी आपल्या आधीच्या व नंतरच्या पावत्या शेजारी ठेवून स्वतःच पाहावे. चढ ताबडतोब कळतो आणि उतार वाटेत कोठे तरी मुक्काम करतो, हा व्यापारातील जुना रोग आहे. आमचे व्यापारी वाचक त्यास अपरिचित नाहीत.

दुसरी कसोटी निर्मळतेची. 'स्वस्त म्हणजे घाणेरडे' ही समजूत ज्यांनी पसरविली त्यांचा तीत फायदा आहे. स्वच्छतेस लागणारे पाणी, साबण व मेहनत ह्यांचा खर्च रोषणाईच्या खर्चापेक्षा फार कमी असतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्रत्येक खाद्यविक्रेत्यास परवाना अगर नोंदणी आवश्यक आहे. तिचा चौदा आकडी क्रमांक दुकानात दिसेल असा लावावा लागतो व १ जानेवारी २०२२ पासून पावतीवरही छापावा लागतो. तळणीच्या तेलाविषयीही नियम आहे: पुन्हा पुन्हा तापविल्याने तेलात साचणारी घातक संयुगे पंचवीस टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असे १ जुलै २०१८ पासून बंधन आहे. गिऱ्हाइकाजवळ मापयंत्र नसते, हे खरे; परंतु काळपट, चिकट, फेसाळणारे आणि धुरकट वासाचे तेल ओळखण्यास डोळे व नाक पुरतात. ह्याहून सोपी परीक्षा म्हणजे हात धुण्याच्या निमित्ताने आत जाऊन मोरी पाहून येणे. मोरी जशी, मुदपाकखाना तसा.

आणि निर्मळतेत केवळ भांड्यांची निर्मळता येत नाही. स्वस्त चहाचा पेला जर दहा वर्षांच्या पोराने विसळलेला असेल, तर तो चहा स्वस्त नाही; त्याचे मोल कोणी तरी भरले आहे. हॉटेले, धाबे व चहाची दुकाने येथे चौदा वर्षांखालील मुलांस राबविण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती बहुतेक सर्वच कामांस लागू झाली. तरी महामार्गांवर 'ए छोटू' ही हाक आपण ऐकतो, आणि पुष्कळदा आपणच मारतो. अशा दुकानात न बसणे हे प्रत्येकाच्या हाती आहे.

तिसरी कसोटी बाकाची. आणि आमच्या मते हीच सर्वांत मोठी. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या एका चहावरून केवढे ग्रामण्य माजले, टिळक व न्यायमूर्ती रानडे ह्यांच्यासारख्यांसही त्याची झळ कशी लागली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे ह्यांस पाण्याच्या हौदास स्पर्श केल्याबद्दल मार खावा लागला. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांस 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे दुकान काढावयास साहाय्य केले व स्वतः तेथे जाऊन सर्वांसमक्ष चहा घेतला. एका राजाने रस्त्यावर घेतलेल्या त्या चहाने जे काम केले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेने पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले ह्यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे नाव घेऊन सांगितले. खाणावळीचा उल्लेख घटनाकारांना मूलभूत हक्कांत करावा लागला, ह्यावरून ह्या विषयाचे महत्त्व जोखावे.

कोणी म्हणतील की, हा प्रश्न आता उरला नाही. मुंबईत कोण कोणाची जात विचारतो? मुंबईने ह्या बाबतीत मोठे काम केले आहे, हे आम्ही अभिमानाने कबूल करतो. इराण्याच्या मेजावर अनोळखी माणसाशेजारी बसून चहा पिणाऱ्या पिढ्यांनी नकळत जी समाजसुधारणा केली तिचा इतिहास लिहिला गेला पाहिजे. तथापि प्रश्न रूप बदलून उभा आहे. एकटी स्त्री रात्री आठ वाजता साध्या खाणावळीत जाऊन निर्धास्तपणे जेवू शकते काय? जुन्या इराण्यांनी निदान कुटुंबांसाठी निराळी खोली ठेवली होती. आजच्या पुष्कळ स्वस्त खाणावळींत स्त्री दिसली की माना वळतात, म्हणून तिला नाइलाजाने महाग दुकान गाठावे लागते. स्त्रीस जेवणासाठी पुरुषापेक्षा अधिक पैसे मोजावे लागणे, हा एक प्रकारचा दंडच आहे. अंगावर मळके कपडे असलेल्या मजुरास दारातला पहारेकरी अडवितो काय? खेड्यातून आलेल्या माणसाने मराठीत दर विचारला तर त्यास सरळ उत्तर मिळते काय? ज्या दुकानात ह्या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळतात, ते दुकान आमच्या हिशेबी पहिल्या प्रतीचे.

सरकारने ह्या कामी काहीच केले नाही असे नाही. १९९५ साली राज्यात एका रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली. पुढे ती बंद पडली आणि केंद्रांच्या मोक्याच्या जागांवर भलतेच पदार्थ विकले जाऊ लागले. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन योजना सुरू झाली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण व एक मूद भात, दहा रुपयांस, शहरी भागात दर थाळीस उरलेले चाळीस रुपये सरकारचे. टाळेबंदीच्या दिवसांत ही थाळी प्रथम पाच रुपयांस व पुढे काही काळ फुकटही दिली गेली, आणि तिने पुष्कळांचे प्राण राखले. परंतु २०२५ साली आपली देयके महिनोन्‌महिने थकल्याच्या तक्रारी केंद्रचालकांनी केल्या. तामिळनाडूने २०१३ मध्ये व बंगळुरूने २०१७ मध्ये अशीच स्वस्त भोजनालये उघडली. तेथेही योजनेस पुढाऱ्यांची नावे दिली गेली. आमचा आक्षेप स्वस्त अन्नास नाही, त्यावर चिकटविलेल्या पक्षाच्या चिठ्ठीस आहे. चिठ्ठी बदलली की ताट हलते, हे ह्या योजनांचे मूळ दुखणे होय.

म्हणून आमची सूचना अशी. महापालिकेने व राज्य सरकारने मोठी रुग्णालये, न्यायालये, रेल्वे स्थानकांचा परिसर व घाऊक बाजार येथे खाणावळींसाठी गाळे राखून ठेवावेत आणि ते माफक भाड्याने स्त्रियांच्या बचत गटांस व सहकारी संस्थांस द्यावेत. अट इतकीच की भावाचा फलक मराठीत ठळक अक्षरांत दारावर असावा, मुदपाकखाना गिऱ्हाइकास दिसेल असा असावा, आणि एक ठरीव साधे ताट रोज मिळावे. दर ताटामागे अनुदान देऊन ते थकविण्यापेक्षा भाड्यात कायमची सवलत देणे सरकारास स्वस्त व चालकास निश्चिंत पडेल. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने गाडीवाल्यास जागा व दाखला देण्याचे जे वचन दिले तेही पाळावे. ज्याची गाडी आज संध्याकाळी उचलली जाईल की काय हे ठाऊक नाही, तो उद्यासाठी स्वच्छ पाण्याची टाकी बसवीत नाही. जागेची शाश्वती द्या, आणि मग स्वच्छतेचा दंड खुशाल करा.

हे सर्व बाजार आपोआप करील, असे मानणारा एक पक्ष आहे. व्यापारावर आमचा विश्वास आहे. परंतु ज्या बाजारात गिऱ्हाईक फलक वाचीत नाही, पावती मागत नाही आणि वाईट दुकानातून उठत नाही, तेथे चांगला दुकानदार मरतो व लबाड जगतो. प्रामाणिक खाणावळवाल्याचा खरा शत्रू बेपर्वा गिऱ्हाईक हा आहे. म्हणून वाचकांनी पुढच्या खेपेस मुंबईस आल्यावर, अगर मुंबईतच राहत असल्यास उद्याच दोन प्रहरी, पाच गोष्टी कराव्यात: दर आधी वाचावा, परवान्याचा क्रमांक पाहावा, पावती मागावी, सेवाशुल्क असल्यास सभ्यपणे काढावयास सांगावे, आणि बाकावर शेजारी कोण बसला आहे हे न पाहता थोडे सरकून त्यास जागा द्यावी. दुकान चांगले निघाले तर त्याचे नाव चार माणसांस तोंडाने सांगावे. रुग्णालयाच्या दारात आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढून बाहेर आलेल्या परगावच्या माणसास असे एक नाव वेळेवर कळणे, हे कोणत्याही अन्नछत्राहून कमी पुण्याचे नाही.